सेंट्रिंग कधी खोलायचं?

स्लॅब टाकून पाचवा दिवस उजाडला की सेंट्रिंगचा, म्हणजे स्लॅब तोलून धरणाऱ्या साच्याचा, मुकादम सकाळीच साइटवर येऊन उभा राहतो. "साहेब, घट्ट झालाय की स्लॅब, खोलूया की!" त्याचंही खोटं नसतं. साच्याच्या प्लेटा आणि टेकूचे जॅक भाड्याचे, भाडं रोजावर, आणि तिकडे कोल्हापूरच्या फुलेवाडीत दुसरा स्लॅब याच प्लेटांसाठी अडलेला. काँक्रीटच्या कामाचा भारतीय कोड, आयएस ४५६, मात्र वेगळंच सांगतो. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराला, स्लॅबचे टेकू ७ दिवस ठेवा, त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस. बीमचे टेकू ६ मीटरपर्यंत १४ दिवस, त्यापुढे २१. शिवाय हे आकडे साध्या पोर्टलंड सिमेंटचे आहेत. दुकानात नुसतं 'सिमेंट द्या' म्हटलं तर हातात बहुतेक वेळा पीपीसीचं पोतं पडतं, म्हणजे फ्लाय ॲश मिसळलेलं. त्याची सुरुवातीची ताकद सावकाश येते, त्यामुळे मुदत वाढवून धरावी लागते.

लवकर खोललं तर स्लॅबला कायमचा बाक येतो, भेगा पडतात, आणि गॅलरीसारखा पुढे काढलेला भाग असेल तर जिवावर बेततं. उशिरा खोललं तर भाडं चढतं आणि दुसरी साइट बसून राहते. मुकादम आणि इंजिनिअर यावर अर्धा तास हुज्जत घालतात. गंमत म्हणजे उत्तर त्याच कोडमध्ये आहे. टेकू लगेच परत लावणार असाल तर स्लॅबखालच्या प्लेटा ३ दिवसांनी काढता येतात. पीपीसी असेल तर आणखी थोडे दिवस धरायचे. प्लेटा फुलेवाडीला जातात आणि टेकू जागेवर राहतात. पण त्यासाठी फुलेवाडीला लागणारे जॅक वेगळे हवेत, आणि ते स्लॅब टाकायच्या आठ-दहा दिवस आधी ठरवून मागवलेले हवेत. पाचव्या दिवशी सकाळी भांडून ते उगवत नाहीत.

कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट हा विषय मुळात एवढाच आहे: जो प्रश्न आज साइटवर उभा राहिलाय तो कुठल्या तारखेला सुटायला हवा होता, हे आधी ओळखायचं आणि लिहून ठेवायचं. बाकी सॉफ्टवेअर, आलेख, इंग्रजी आद्याक्षरं हा सगळा त्याचा बारदाना.

बारावीनंतर थेट या नावाची पदवी आपल्याकडे क्वचितच दिसते. कोल्हापूरच्या मुलामुलींची वाट साधारण ठरलेली आहे. शासकीय तंत्रनिकेतनातून डिप्लोमा करून, किंवा सीईटी देऊन गोकुळ शिरगावचं केआयटी, कसबा बावड्याचं डी. वाय. पाटील अशा ठिकाणी सिव्हिलला प्रवेश घ्यायचा, आणि मग दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण. गेट परीक्षेचा स्कोअर चांगला असेल तर पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, किंवा मुंबई, मद्रास, दिल्लीच्या आयआयटी. १९८३ साली बांधकाम उद्योगानेच उभं केलेलं निकमार पुण्यात आहे, तिथली प्रवेशप्रक्रिया वेगळी.

डिग्री संपली की त्याच उन्हाळ्यात मास्टर्सला पळायची घाई करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. निदान एक पावसाळा साइटवर काढावा. ज्याने भिजलेल्या काळ्या मातीत फूटिंगच्या, म्हणजे पायाच्या, खड्ड्याची बाजू ढासळताना पाहिली आहे, त्याला 'रिस्क रजिस्टर' (संभाव्य धोक्यांची नोंद) नावाचा धडा दहा मिनिटांत कळतो. बाकीचे तो पाठ करतात.

वर्गात काय शिकवतात? नियोजन, एस्टिमेट, दरांचं पृथक्करण, १८७२ चा करार कायदा, १९९६ चा लवाद कायदा, यंत्रसामग्री, दर्जा, सुरक्षितता, थोडं ऑपरेशन्स रिसर्च आणि बऱ्यापैकी वित्त. नियोजनाचा गाभा म्हणजे क्रिटिकल पाथ. १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत ड्यू पॉन्ट कंपनीत ही पद्धत आकाराला आली, आणि त्याच सुमारास, १९५८ मध्ये, तिथल्या नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी पर्ट ही तशीच नियोजनाची पद्धत काढली. कल्पना साधी आहे. कामांची साखळी मांडायची, सर्वांत लांब साखळी शोधायची, आणि तीत एक दिवस गेला की अख्खा प्रकल्प एक दिवस मागे जातो हे मान्य करायचं. ज्या कामांना सवड आहे त्यांच्यावर ओरडण्यात अर्थ नाही. साइटवर मात्र नेमकं उलटं चालतं: डोळ्यांसमोर दिसणाऱ्या प्लास्टरवर आरडाओरडा होतो आणि तीन आठवडे न आलेल्या लिफ्टच्या ड्रॉइंगबद्दल कुणी ब्र काढत नाही.

हे सगळं एका दिवसात बघायचं असेल तर स्लॅबचा दिवस बघावा.

हजार चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब घ्या. ९२.९ चौरस मीटर गुणिले ०.१२५, म्हणजे ११.६ घनमीटर, बीम धरले की १५ च्या आसपास. सिमेंट, वाळू, खडी एकास दीड, तीन या प्रमाणाच्या एम-२० दर्जाच्या मालाला घनमीटरमागे ८ पोती लागतात, म्हणजे १२० पोती. वाळू सव्वादोन ब्रास, खडी साडेचार ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट). एका पोत्याचा मिक्सर असेल तर भरणं, फिरवणं, ओतणं मिळून एक फेरा ३ मिनिटांचा. १२० फेरे म्हणजे न थांबता ६ तास. आठला नारळ फुटला तर दोनला काम संपायला हवं. पण नारळ साडेनऊला फुटतो, लाईट जाते, माल वर नेणाऱ्या लिफ्टचा दोर अडकतो, आणि मध्ये जेवण असतं.

कोल्हापुरात स्लॅबच्या टोळीला घरमालकाने जेवण घालायची पद्धत आहे, आणि ते काही डाळभातावर भागत नाही. सगळी टोळी एकदम पंगतीला बसली की तास-सव्वा तास गेला. तेवढ्यात उन्हात उघड्या पडलेल्या मालाची कड आळून बसते, त्यावर नवा माल पडतो आणि तयार होतो कोल्ड जॉइंट, म्हणजे जुना-नवा माल एकजीव न झालेला सांधा. वरून काही दिसत नाही. पहिल्या जुलैत छताला जी सरळ रेषेत ओल येते ती बऱ्याचदा याच पंगतीची असते. उपाय दोन. टोळी निम्मी-निम्मी जेवायला सोडायची, काम चालू ठेवायचं. नाहीतर थांबायची जागा आधी ठरवायची: गाळ्याच्या मधल्या तिसऱ्या भागात, जिथे कातर बल, म्हणजे स्लॅब कापू पाहणारा जोर, कमी असतं, तिथे फळी लावून उभी सरळ कड सोडायची, आणि पुन्हा सुरू करताना ती खरडून, भिजवून, सिमेंटची स्लरी मारून घ्यायची. 'दमलो म्हणून थांबलो' ही जागा कधीच बरोबर नसते.

पाण्याचंही तसंच. पाणी-सिमेंटचं ०.५ प्रमाण धरलं तर ५० किलोच्या पोत्याला २५ लिटर पाणी. आदल्या रात्री वळीव पडला असेल तर क्रश सँडमध्ये, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूत, ५ टक्के ओल सहज असते. पोत्यामागे साधारण ८० किलो सँड, म्हणजे ४ लिटर पाणी वाळूतूनच आलं. ते वजा करायला हवं. वजा करायचं राहिलं बाजूला, "माल जरा पातळ सोड" म्हणून वरून हाक येते आणि मिक्सरवाला बादली उपडी करतो. माल छान पसरतो, ताकद मात्र खाली जाते, आणि ते कळतं २८ दिवसांनी, चाचणीसाठी भरलेले काँक्रीटचे क्यूब फोडल्यावर. १५ घनमीटरला कोडप्रमाणे दोन नमुने, प्रत्येकी तीन क्यूब. हे सहा क्यूब पहिल्या दोन घमेल्यांतून भरून मोकळं व्हायची सवय वाईट. दुसरा नमुना जेवणानंतरच्या मालाचा घ्या, तोच खरं बोलतो.

ओतण्याआधीची तपासणी अर्ध्या पानाची असते, पण ती कागदावर सही घेऊन करायची. स्लॅबला २० मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळीवरचं काँक्रीटचं आवरण, आणि ते साच्यातल्या कव्हर ब्लॉकने, खडीचे तुकडे सरकवून नव्हे. फॅनचे बॉक्स, वायरिंगचे पाइप, बाथरूमचा खाली घेतलेला स्लॅब. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, गॅलरीची वरची सळी. भिंतीबाहेर लटकणाऱ्या स्लॅबमध्ये ताण वरच्या बाजूला असतो, म्हणून मुख्य सळी वर. घमेली घेऊन चालणारी माणसं तिच्यावर पाय देतात, सळी उचलून धरणाऱ्या खालच्या चेअर वाकतात आणि सळी निम्म्या जाडीपर्यंत खाली जाते. ड्रॉइंग बरोबर, सळी बरोबर, सिमेंट बरोबर, तरी सेंट्रिंग काढताना गॅलरी खाली येते ती यामुळे. चालायला फळ्या टाकणं हा त्यावरचा उपाय आहे. खर्च जवळजवळ शून्य, पण फळ्या त्या दिवशी साइटवर आहेत का, हे आदल्या दिवशी बघणारं माणूस लागतं.

आता कॅलेंडर. प्रायमाव्हेरा किंवा एमएस प्रोजेक्टमध्ये काम मांडायला बसलं की सॉफ्टवेअर आधी कामाचे दिवस विचारतं. पुस्तकी विद्यार्थी आठवड्याचे सहा दिवस भरून पुढे जातो. कोल्हापूरचं खरं कॅलेंडर वेगळं आहे. जून ते सप्टेंबर पाऊस, म्हणून पाया प्लिंथपर्यंत, म्हणजे जोत्यापर्यंत, मेअखेर वर आलाच पाहिजे. नाहीतर पंचगंगेकाठच्या काळ्या मातीत पंप लावून पाणी उपसण्यातच पैसा जातो. वीटभट्ट्या दिवाळीनंतर पेटतात आणि पावसाआधी थंड होतात. पावसाळ्यात वीटकाम धरलं असेल तर वीट मेमध्ये रचून ठेवा, नाहीतर विटेऐवजी सिमेंटच्या ब्लॉकवर या. कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर-ट्रॉल्या उसाला जातात, आणि मुरूम किंवा विटा वाहायला गाडी मिळता मिळत नाही. मिळाली तर दर वाढलेला. मार्च-एप्रिल-मेमध्ये जोतिबाची चैत्र यात्रा आणि गावोगावच्या म्हाया, म्हणजे जत्रा. गवंडी आसपासच्या गावांतले असतील तर ते जाणारच. पुढे बैलांचा सण बेंदूर. फरशी किंवा सळी बांधणाऱ्या फिटरची टोळी बिहारची असेल तर होळी आणि छठ. या तारखा महिनोन्‌महिने आधी माहीत असतात; तरी दर वर्षी 'लेबर आलं नाही' हे कारण नव्याने लिहिलं जातं.

आणि पूर. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी त्याच्या खूप वर गेलं, शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गच पाण्याखाली जाऊन बंद पडला. सिमेंट येणार कुठून? निळ्या आणि लाल पूररेषा, म्हणजे अनुक्रमे २५ आणि १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराच्या रेषा, परवानगीच्या नकाशासाठी सगळे बघतात. सिमेंटचं गोडाऊन, जनरेटर आणि मजुरांच्या खोल्या कुठे ठेवायच्या यासाठी त्याच रेषा कुणी बघत नाही.

नोंदीचा मुद्दा इथेच जोडून येतो. पुराने काम १२ दिवस थांबलं, ठीक. बहुतेक करारांत अशा आपत्तीला मुदतवाढ मिळते, पैसे सहसा नाहीत. मालकाकडून ड्रॉइंग उशिरा आलं म्हणून थांबलं असेल तर मुदतही मिळू शकते आणि खर्चही. पण हे दोन्ही एकाच वेळी झालं असेल तर? मग सगळं रोजच्या रिपोर्टवर येतं: त्या तारखेला किती गवंडी, किती बिगारी, कुठलं मशीन, पाऊस किती वाजता सुरू झाला, कुठलं ड्रॉइंग कितव्या सुधारणेचं आणि कधी हातात पडलं. सरकारी कामात याला अडथळ्यांची वेगळी नोंदवही असते. फिडिक या आंतरराष्ट्रीय अभियंता संघटनेच्या १९९९ च्या रेड बुक या नमुना कराराप्रमाणे तर दाव्याची सूचना २८ दिवसांच्या आत द्यावी लागते, नाहीतर हक्क जातो. मोठ्या कंपन्यांत क्लेम्स आणि कॉन्ट्रॅक्ट्स सांभाळणारे लोक याच गोष्टीचे पैसे घेतात. सिव्हिलच्या मुलांना हे काम कारकुनी वाटतं. आमच्या मते या क्षेत्रातलं सगळ्यांत दुर्लक्षित आणि सगळ्यांत चांगलं करिअर तेच आहे. भाषा नीट लिहिता यायला हवी, एवढीच अट जरा कडक आहे.

वित्ताचा विषयही असाच डोळ्याआड राहतो. महिन्याला २० लाखांचं काम करणारा ठेकेदार महिनाअखेर बिल लावतो, पैसे ४५ दिवसांनी येतात. मजुरी आठवड्याला द्यायची, मुकादमाला उचल त्याच्याही आधी. पहिल्या दिवशी घातलेला रुपया ७५ दिवसांनी परत येतो, म्हणजे उधारी धरली नाही तर ५० लाखांच्या घरात पैसा अडकलेला. कागदावर नफ्यात असलेले ठेकेदार बुडतात ते यात. राधानगरीच्या धरणाचं काम शाहू महाराजांच्या काळात सुरू झालं, मध्ये थांबलं आणि स्वातंत्र्यानंतर पूर्ण झालं. थांबण्यामागचं एक कारण पैसाच होता. पाणी चढलं की आपोआप उघडणारे तिथले सात दरवाजे बघायला सगळे जातात, रखडलेल्या वर्षांबद्दल क्वचितच कुणी विचारतं.

काम नेमकं कुठे आहे हे सांगणारी अर्न्ड व्हॅल्यू नावाची एक पद्धत आहे. दोन कोटींचं काम. सहा महिन्यांत ८० लाखांचं व्हायला हवं होतं, झालं ६४ लाखांचं, खर्च ७२ लाख. म्हणजे वेगाचा निर्देशांक ०.८, खर्चाचा ०.८९. असंच चालू राहिलं तर शेवटी दोन कोटींऐवजी सव्वादोन कोटी लागणार. प्लॅनिंग इंजिनिअरला हे तीन आकडे दर महिन्याला खरे काढायचे असतात. अवघड भाग गणित नाही. 'नव्वद टक्के झालं' असं तीन महिने सांगणाऱ्या साइट इंजिनिअरकडून मोजमाप काढून घेणं अवघड.

बाकीच्या वाटा थोडक्यात. दर्जा आणि सुरक्षिततेच्या नोकऱ्या मोठ्या कंपन्यांत कायम असतात, पण सुरक्षेच्या माणसाला काम थांबवायचा अधिकार खरोखर आहे का, हे रुजू होण्याआधी विचारून घ्या. पीएमसी, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टन्सी, कंपन्या मालकाच्या बाजूने देखरेख करतात. १ मे २०१७ पासून राज्यात महारेरा हे गृहप्रकल्पांचं नियामक प्राधिकरण सुरू झाल्यावर बिल्डरला ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, आणि ते काढताना आर्किटेक्ट आणि सीएबरोबर इंजिनिअरचाही दाखला लागतो. त्यातून झालेल्या खर्चाचा हिशेब मांडणाऱ्यांना काम मिळालंय. एमपीएससीतून किंवा कनिष्ठ अभियंता म्हणून सरकारी नोकरी आहेच. तिथे मोजमाप पुस्तिका, म्हणजे एमबी, लिहायला शिकणं हाच खरा अभ्यासक्रम. सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी करून छोटी सरकारी कामं घेणारेही पुष्कळ, पण वरचं ५० लाखांचं गणित आधी करून बघा. ऑगस्ट २०२४ च्या आगीनंतर कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहासारखी कामंही समोर आली: जुन्या दगडी बांधकामाची नोंद घेणं, चुन्याचं काम जाणणारे कारागीर शोधणं, नव्या अग्निसुरक्षेची सांगड घालणं. यात माणसं फार कमी आहेत.

बिलिंग किंवा क्वांटिटी सर्व्हे, म्हणजे कामाची मापं काढून पैसे मांडणं, ही आखातात सगळ्यांत लवकर घेऊन जाणारी वाट. इथे मुलाखतीत पहिला प्रश्न ठरलेला: ८ मिलिमीटर सळीचं वजन किती? व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला ०.३९५ किलो, सगळे सांगतात. दुसरा प्रश्न खरा असतो: काट्यावर ५ टन सळी आली, बिलात ४.६७ टनच बसली, ३३० किलो गेली कुठे? चोरी हे उत्तर पटकन सुचतं. त्याआधी तपासायच्या गोष्टी वेगळ्याच असतात. सळ्यांच्या आयएस १७८६ या मानकाप्रमाणे १० मिलिमीटरपर्यंतच्या सळीच्या वजनात ७ टक्के वर-खाली चालतं. सळी वजनावर विकत घेतली जाते आणि बिल लांबी गुणिले पुस्तकी वजनावर होतं. लॉट जड निघाला तर एवढा फरक तिथेच पडतो. म्हणून प्रत्येक लॉटमधून मीटरभराचे तुकडे कापून वजन करायचं आणि रजिस्टरला टाकायचं. मग चेअर आणि ड्रॉइंगमध्ये न दाखवलेले लॅप (सळीला सळी जोडताना एकमेकींवर येणारी लांबी) बिलात धरलेत का ते बघायचं. मग तुकडे: १२ मीटरच्या सळीतून ४.३ मीटरचे दोन तुकडे काढले की ३.४ मीटर उरते, म्हणजे २८ टक्के. बीबीएस, म्हणजे सळ्या कापण्या-वाकवण्याचा तक्ता, करणाऱ्याने ३.४ मीटरचा तुकडा दुसरीकडे कुठे लागतो ते आधीच शोधून ठेवलं असेल तर भंगारात काहीच जात नाही. एवढं सगळं तपासूनही हिशेब लागला नाही, तर मग वॉचमनला विचारायचं.